गुडघ्याची वाटी मध्यावर असते कुणाची?

दिवसभर औताला चाललेला बैल संध्याकाळी दावणीतून उठतो, पाऊल टाकायला जातो आणि मागचा एक पाय ताठच राहतो. गुडघा वाकत नाही. खूर मातीवर फरफटत जातो. मग आत काहीतरी सुटतं, पाय झटक्याने पुढे येतो आणि चार पावलांनंतर पुन्हा तोच ताठरपणा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा आजार शिकावाच लागतो, कारण आपल्याकडच्या गाई-म्हशींत आणि बैलांत तो सर्रास दिसतो. दुखणं असतं गुडघ्याच्या वाटीचं. वाटी आपल्या खाचेतून वर सरकते आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर अडकून बसते. उपाय अगदी छोटा आहे. जनावर उभं असतानाच जागा बधिर करायची, गुडघ्याच्या आतल्या बाजूचा एक अस्थिबंध बोटाने चाचपून ओळखायचा आणि तेवढाच कापायचा. बैल तिथूनच नीट पावलं टाकत निघतो.

(मागच्या पायात मध्यावर जे उलटं वाकलेलं दिसतं, त्याला बरेच जण जनावराचा गुडघा समजतात. तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला लागून असतो.)

बैलाचा जो आजार, ती घोड्याची सोय आहे. घोडा उभ्याने झोपतो हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण कसा, ते फार कमी जणांनी पाहिलेलं असतं. त्याच्या मांडीच्या हाडाला खाली दोन कंगोरे असतात आणि आतला कंगोरा चांगलाच मोठा, पुढे आलेला असतो. डुलकी घ्यायची झाली की घोडा वाटी किंचित वर ओढून या कंगोऱ्यावर अडकवतो. गुडघा बंद. आता मांडीच्या स्नायूंना जवळजवळ काहीच काम उरत नाही, आणि काही क्विंटल वजन हाडांवर आणि अस्थिबंधांवर निवांत तोललं जातं. थोड्या वेळाने तो वाटी सोडवून दुसऱ्या पायाची अडकवतो. गाई-बैलांच्या गुडघ्याची घडण याच धाटणीची आहे, वाटीखाली तीन अस्थिबंध आहेत, पण विश्रांतीला ती जनावरं खाली बसतात. त्यामुळे वाटी अडकली की ती अडचणच ठरते.

माणसाच्या वाटीला असं अडकायला काहीच नाही. म्हणूनच मला ती जास्त थक्क करते.

हा मजकूर वाचता वाचता जमिनीवर बसा, एक पाय समोर पसरा आणि मांडी पूर्ण सैल सोडा. आता अंगठा आणि तर्जनीने वाटी धरून ती आत-बाहेर हलवून बघा. हलते. दोन्ही बाजूंना चांगली हलते, खाली-वर सरकते, किंचित कलतेसुद्धा. आता मांडी आवळा. वाटी झर्रकन वर जाते आणि घट्ट बसते. इतकं सैल हाड, ज्याला वर एका जाड कंडरेने आणि खाली एकाच पट्ट्याने धरलंय, बाजूंनी पातळ पडद्यांनी सावरलंय, ते दिवसभरात हजारो वेळा त्याच उथळ खाचेतून वर-खाली जातं आणि बहुतेकांच्या जन्मात एकदाही बाहेर पडत नाही. जन्मतः तर ते हाडही नसतं. तान्ह्या बाळाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला तर वाटी दिसत नाही, कारण ती अजून कूर्चेची असते. तिच्यात हाड धरायला लागतं ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान.

ती तिथे हवीच कशाला? मांडीचा स्नायू नडगीला ओढून पाय सरळ करतो, आणि वाटी या ओढीला सांध्यापासून थोडं पुढे उचलून धरते. तरफेचा हात लांब झाला की तेवढ्याच जोरात जास्त काम होतं. हर्बर्ट काउफर यांनी १९७१ साली हा हिशेब मांडला. पाय पूर्ण सरळ होण्याच्या टप्प्यावर वाटीमुळे मिळणारा फायदा सुमारे ३० टक्के असतो. वाटी काढून टाकली तरी माणूस चालतो, पण तेवढी ताकद त्याला दर पावलाला जास्तीची लावावी लागते.

या कामाची किंमत वाटीच्या मागच्या बाजूने मोजायची असते. रायली आणि मार्टेन्स या दोघांनी १९७२ साली वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातला दाब काढला. सपाट रस्त्यावर चालताना तो शरीराच्या वजनाच्या निम्मा, जिना चढता-उतरताना ३.३ पट, आणि खोल बैठकीत ७.८ पट. साठ किलोच्या बाईने चुलीपुढे किंवा शेतात उकिडवं बसून उठायचं म्हटलं, की तिच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या वाटीच्या मागे साडेचारशे किलोंच्या वर दाब येतो. शरीरातली सगळ्यात जाड कूर्चा नेमकी इथेच, वाटीच्या पाठीवर आहे. काही ठिकाणी ती पाच मिलिमीटरहून जाड भरते. तालमीत शेकड्यांनी बैठका मारणाऱ्या पोरांकडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे आता हे आकडे येतात.

आता मुख्य प्रश्न. वाटी सरळ बसलीये का, हे ठरवायचं कसं?

त्यासाठी आधी आपल्या मांडीच्या हाडाकडे बघायला हवं. ते सरळ खाली येत नाही. कमरेपाशी दोन मांड्या एकमेकींपासून लांब असतात आणि गुडघ्यांपाशी जवळ येतात, म्हणजे हाड वरून खाली येताना आत झुकतं. चिंपांझीच्या मांडीत हा झुकाव नसतो. तो दोन पायांवर चालला तर डावीकडून उजवीकडे झोके खात चालतो. आपले गुडघे शरीराच्या बरोबर खाली आलेले असल्याने एक पाय उचलला तरी आपण पडत नाही. १९७३ साली डोनाल्ड जोहान्सन यांना इथिओपियात हदार इथे तीस लाख वर्षांहून जुना एक गुडघा सापडला. त्यात हा झुकाव स्पष्ट होता, आणि तेवढ्या एका सांध्यावरून ओळखता आलं की तो जीव दोन पायांवर चालत होता. लूसी हा प्रसिद्ध सांगाडा त्यानंतर, पुढच्याच वर्षी मिळाला. याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. हा झुकाव जन्मतः आपल्यात नसतो. मूल उभं राहतं, धडपडतं, चालायला लागतं, आणि त्या चालण्याच्या भाराने हाड वाढता वाढता आत झुकतं. ज्या मुलांना काही कारणाने कधी चालताच येत नाही, त्यांच्या मांडीत तो तयार होत नाही.

झुकावाचा एक परिणाम वाटीला भोगावा लागतो. मांडीचा स्नायू तिरका ओढतो, खालचा पट्टा जवळजवळ सरळ खाली जातो, आणि मध्ये सापडलेली वाटी दर आकुंचनाला थोडी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. म्हणून माणसाच्या खाचेचा बाहेरचा काठ उंच आहे. घोड्यात आतला, आपल्यात बाहेरचा. माणसाची वाटी निखळली तर जवळजवळ नेहमी बाहेरच्या बाजूला निखळते. पॉमेरेनियनसारख्या छोट्या कुत्र्यांची मात्र आतल्या बाजूला जाते. पशुवैद्य तिला पहिल्या ते चौथ्या श्रेणीत मोजतात, आणि पहिल्या श्रेणीतलं कुत्रं मालकाला निरोगीच वाटत असतं.

तिरक्या ओढीचा हा कोन मोजायची रीत स्वीडनच्या ब्रॅटस्ट्रोम यांनी १९६४ साली मांडली. मांडीच्या चौपदरी स्नायूचं नाव क्वाड्रिसेप्स, म्हणून कोनाचं नाव क्यू अँगल. आज कराडच्या कृष्णा विश्व विद्यापीठात काय किंवा पुण्या-मुंबईत काय, फिजिओथेरपी शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून तो जातो. माणसाला पाठीवर झोपवतात, पाय सरळ, मांडी सैल, पावलं छताकडे. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाने शोधतात, जिथे पँटचा पट्टा टेकतो त्याच्या जरा खाली. तिथे पेनाने खूण. मग वाटीच्या चारही कडा चाचपून तिचा मध्य काढतात, दुसरी खूण. तिसरी खूण नडगीच्या वरच्या टोकाला, जो टणक उंचवटा गुडघे टेकून बसल्यावर जमिनीला लागतो, त्याच्यावर. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत एक रेघ, दुसरीपासून तिसरीपर्यंत दुसरी. गोनिओमीटरचा मध्य वाटीवर, एक पट्टी वर, दुसरी खाली. आकडा वाचायचा.

किती यायला हवा? हॉर्टन आणि हॉल यांनी १९८९ साली शंभर निरोगी तरुण-तरुणी मोजल्या. पुरुषांची सरासरी ११.२ अंश आली, स्त्रियांची १५.८. ही तफावत पाठ्यपुस्तकांतून दोन पिढ्यांनी पाठ केली आणि तिचं कारणही सोबतच पाठ केलं, की बायकांची कंबर रुंद असते. गंमत अशी, की कंबरेच्या रुंदीचा हा युक्तिवाद त्याच मोजणीत टिकला नव्हता. २००५ साली ग्रेल्समर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी त्रिकोणमिती लावली. उंच माणसाची मांडी लांब, म्हणजे त्रिकोण उभा आणि अरुंद, म्हणजे कोन लहान. सारख्या उंचीचे पुरुष आणि स्त्रिया घेतल्या की कोनातला बराचसा फरक विरून जातो. ज्याला आपण स्त्री-पुरुषांतला फरक म्हणत होतो, तो मोठ्या अंशी उंचीचा होता. शाळेत भूमितीला कंटाळलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावी असं मला वाटतं.

शिवाय या शंभर जणांत कुणी नऊ अंशांचा, कुणी वीसचा. सगळे धडधाकट, चालणारे, पळणारे. एकाच माणसाचे दोन पाय मोजले तरी आकडे जुळत नाहीत, आणि तीन-चार अंशांचा फरक सापडणं विशेष नाही. त्याच माणसाला उभं केलं तर कोन साधारण एका अंशाने वाढतो. मांडी आवळायला सांगितली तर कमी होतो. पावलं बाहेर फिरवली तर आणखी बदलतो.

मोजणाऱ्याचा अंगठा हाही मोजमापाचा भाग आहे. हिशेब करून बघू. वाटीच्या मध्यापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत अंतर असतं सुमारे सात सेंटिमीटर. वाटीचा मध्य ठरवताना पेन पाच मिलिमीटर बाजूला टेकलं, तर एवढ्याशा अंतरामुळे कोन चार-साडेचार अंशांनी चुकतो. पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरीत जेवढा फरक सांगतात, जवळजवळ तेवढाच. त्वचेवर काढलेली खूण पाय हलला की त्वचेबरोबर सरकते, वाटी आपली वेगळी सरकते. म्हणून चांगला मोजणारा एकदा मोजून थांबत नाही. खुणा पुसून, पुन्हा चाचपून, पुन्हा मोजतो, आणि आधीचा आकडा त्याने बघू नये म्हणून लिहून घ्यायला दुसरा माणूस बसवतो.

या कोनात एक चकवाही दडलेला आहे. समजा कुणाची वाटी खरोखरच बाहेर सरकलेली आहे. तर तिचा मध्य बाहेर गेला, वरची रेघही बाहेर झुकली आणि कोन लहान झाला. म्हणजे ज्या दोषाची भीती, तोच दोष असला की आकडा चांगला दिसतो! कोन ओढीची दिशा सांगतो. वाटी खरोखर कुठे बसलीये, ते त्याच्याकडून कळत नाही.

ते कळावं म्हणून ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ साली वाटीकडे हातांनी आणि डोळ्यांनी बघायची पद्धत दिली. वाटी आत-बाहेर सरकलेली आहे का, एका बाजूला कललेली आहे का, स्वतःभोवती फिरलेली आहे का, तिचं खालचं टोक आत दबलंय का. सरकणं मोजायला टेप लावतात. मांडीच्या हाडाचे दोन्ही बाजूंचे उंचवटे शोधायचे आणि वाटीच्या मध्यापासून दोन्हीपर्यंतची अंतरं बघायची. ती सारखी आली तर वाटी मध्यावर. कल्पना अगदी सुरेख आहे, आणि या पद्धतीतून निघालेलं वाटीला पट्टी चिकटवण्याचं तंत्र जगभर वापरलं जातं. पण दोन अनुभवी तज्ज्ञांना एकच गुडघा वेगवेगळा मोजायला दिला, की त्यांचे निष्कर्ष फार जुळत नाहीत, हे नंतरच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. काही मिलिमीटरचा प्रश्न आणि बोटाचं टोकच मुळी सेंटिमीटरभर रुंद.

मग एक्स-रे. कॅलिफोर्नियाच्या ॲलन मर्चंट यांनी १९७४ साली गुडघा ४५ अंशांत वाकवून वरून खाली किरण सोडले. अशा चित्रात खाच दिसते आणि खाचेत बसलेली वाटी दिसते. त्यांनी शंभर निरोगी माणसांचे दोनशे गुडघे बघितले. खाचेचा कोन सरासरी १३८ अंश. आता खाचेच्या बरोबर मध्यातून एक रेघ काढली, तर वाटीचं टोक कुठे यावं? आपण म्हणू, शून्यावर. सरासरी आली उणे ६ अंश, म्हणजे मध्याच्या थोडी आत. आणि पसारा एवढा, की निरोगी गुडघ्यांतही कुणाची वाटी बरीच आत, कुणाची चक्क मध्याच्या बाहेर. काटेकोर मध्यावर बसलेली वाटी निरोगी माणसांत दुर्मीळच म्हणायची.

वाटी किती वर बसते, याचं माप इन्सॉल आणि साल्वाती यांनी १९७१ साली दिलं. खालच्या पट्ट्याची लांबी भागिले वाटीची लांबी. उत्तर साधारण १. फार मोठं आलं तर वाटी उंच, फार लहान आलं तर खाली. तो १ आकडा त्यांच्याकडच्या गुडघ्यांचा होता. मध्य भारतातल्या प्रौढांचे गुडघे मोजून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी १ पेक्षा चांगलीच वर गेली. आपली माणसं लहानपणापासून मांडी घालून जेवतात, उकिडवी बसून भांडी घासतात, गुडघा पूर्ण मिटून काम करतात. परक्या देशाची फूटपट्टी लावून त्यांच्या वाट्या 'उंच' ठरवायच्या का? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. निरोगी माणसांची मोजणी आपल्याच गावांत, आपल्याच बसण्या-उठण्याच्या सवयींसकट व्हायला हवी.

हाडांचं इतकं झालं. पण सैल वाटीला जागेवर ठेवणारा खरा पहारा स्नायूंचा असतो.

मांडीच्या पुढच्या भागात चार स्नायू आहेत. त्यातले दोन इथे महत्त्वाचे. एक बाहेरचा, व्हास्टस लॅटरॅलिस, लांब आणि दणकट. दुसरा आतला, व्हास्टस मेडियालिस, ज्याचा खालचा भाग पाय ताठ केला की गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला टपोरा उठून दिसतो. सायकलपटूंच्या पायांवर तो लांबूनही ओळखू येतो. १९६८ साली लीब आणि जॅकलिन पेरी यांनी कापलेल्या पायांवर एकेका स्नायूला वेगळं ओढून बघितलं. बाहेरच्याचे तंतू मांडीच्या रेषेशी १२ ते १५ अंशांत जातात, आतल्याच्या खालच्या भागाचे मात्र ५० ते ५५ अंशांत, जवळजवळ आडवे. हा आडवा भाग एकटा ओढला तर पाय सरळ होतच नाही. मग तो करतो काय? वाटीला आत खेचून धरतो, एवढंच. जुवाला जुंपलेल्या जोडीतला बाहेरचा बैल जोराचा असला की औत त्या अंगाला जातं, आणि आतल्याने नेट लावला तरच तास सरळ निघतं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. पाय सरळ होण्याच्या शेवटच्या १५ अंशांत स्नायूंना ६० टक्के जास्त जोर लावावा लागतो. खुर्चीवर बसून पाय सावकाश सरळ करा, शेवटच्या टप्प्यात मांडी कशी थरथरते ते हाताला कळेल.

ही जोडी सारखी ओढतेय का, हे ऐकता येतं. स्नायू काम करतो तेव्हा त्यात अगदी सूक्ष्म वीज वाहते आणि कातडीवर चिकटवलेल्या चकत्या ती टिपतात. त्याला ईएमजी म्हणतात. चकत्या कुठे लावायच्या याचेही नियम आहेत, १९९० च्या दशकात युरोपातल्या संशोधकांनी एकत्र बसून ठरवलेले. आतल्या स्नायूसाठी कमरेच्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या आतल्या फटीपर्यंत रेघ धरायची आणि ८० टक्के अंतर खाली यायचं. बाहेरच्यासाठी वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंतची रेघ, दोन तृतीयांश अंतरावर. दोन चकत्यांत २० मिलिमीटर. आधी केस काढून जागा स्पिरिटने पुसायची. मिळणारा आकडा मायक्रोव्होल्टमध्ये येतो, पण तो तसाच दुसऱ्याशी ताडता येत नाही, कारण कुणाच्या कातडीखाली चरबी जास्त, कुणाच्या कमी. म्हणून आधी त्या माणसाला सगळा जोर लावायला सांगतात, त्याच्या त्या कमाल आकड्याला शंभर धरतात, आणि मग जिना चढताना किंवा अर्धी बैठक घेताना त्याचे किती टक्के लागतात ते बघतात. प्रत्येक माणूस स्वतःच्याच मापाने मोजला जातो, हे मला फार आवडतं.

ऑस्ट्रेलियातल्या कोवन, बेनेल आणि हॉजेस या मंडळींनी २००१ साली जिना चढता-उतरतानाची वेळ मोजली. निरोगी गुडघ्यांत आतला आणि बाहेरचा स्नायू जवळजवळ एकाच क्षणी जागे झाले. वाटीभोवती दुखणाऱ्यांत बाहेरचा आधी जागा झाला, आतला मागून. फरक मिलिसेकंदांतला. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या वेळात वाटी बाहेर ओढली गेलेली असते. पुढच्या संशोधनात असंही आढळलं की सगळ्याच दुखऱ्या गुडघ्यांत हा उशीर नसतो आणि काही निरोगी गुडघ्यांत तो सापडतो. मोजणी जितकी बारीक होत जाते, तितकी निरोगी आणि आजारी यांतली रेघ पुसट होते.

आणि उजवा-डावा? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा उजवा पाय जास्त ताकदीचा असेल असं आपण धरून चालतो. पण चेंडू मारताना उजवा पाय हवेत असतो आणि अख्खं शरीर डाव्यावर तोललेलं असतं. एक पाय नेम धरतो, दुसरा आधार देतो. दोघांची कामं वेगळी, म्हणून स्नायूही वेगळे घडतात. चालण्यावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या सादेघी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच मांडलं, की निरोगी माणसाच्या चालण्यातही दोन पाय एकमेकांची हुबेहूब नक्कल करत नाहीत. एकाचा वाटा पुढे ढकलण्यात जास्त, दुसऱ्याचा तोल राखण्यात.

ताकद मोजायची तर सगळ्यात विश्वासाचं यंत्र आयसोकायनेटिक डायनमोमीटर. ही कल्पना १९६७ साली हिस्लॉप आणि पेरिन यांनी मांडली. कितीही जोर लावा, यंत्राचा दांडा ठरलेल्या वेगानेच फिरतो, उदाहरणार्थ सेकंदाला ६० अंश. त्यामुळे हालचालीच्या प्रत्येक अंशाला किती जोर लागला ते कळतं. मग दोन पायांचं गुणोत्तर काढतात. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सहसा नेहमीचा धरतात. यंत्र नसेल तर एका पायावर लांब उडी. एका पायाने जेवढी जाते, त्याच्या किती टक्के दुसऱ्याने गेली? बहुतेक निरोगी लोक ८५ टक्क्यांच्या वर असतात, शंभरावर फारच थोडे. टेपने मांडीचा घेर मोजणं सगळ्यात सोपं, पण टेपला स्नायू आणि चरबी यांतला भेद कळत नाही. सोनोग्राफीत तो दिसतो, आणि स्नायूची जाडी मिलिमीटरमध्ये वाचता येते.

सातारा जिल्ह्याकडे या नजरेने बघितलं की मोजण्यासारखी किती माणसं दिसतात! माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. पाण्याच्या अडथळ्यावर बहुतेक धावपटू ठरलेला एकच पाय टेकवून झेप घेतात आणि ठरलेल्या दुसऱ्या पायावर उतरतात, तेही नेहमी डाव्या हाताला वळणाऱ्या ट्रॅकवर. अशा सरावाची वर्षं दोन मांड्यांत काय फरक करत असतील? खो-खोचा खेळाडू एक पाय पुढे, एक मागे असा बसतो आणि एका क्षणात उठून वळतो. कुस्तीत पैलवानाचा एक पाय कायम पुढे. शिरवळवरून खंबाटकी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये तर डावा पाय दिवसभर क्लच दाबतोय आणि उजवा टाचेवर टेकून ॲक्सिलरेटर सांभाळतोय. यातला कुणीही आजारी नाही. आणि म्हणूनच त्यांची मोजमापं मोलाची आहेत.

कारण गुडघ्याला इजा झाल्यावर डॉक्टर आणि फिजिओ दुखऱ्या पायाची तुलना चांगल्या पायाशी करतात. नव्वद टक्के ताकद परत आली, खेळायला हरकत नाही, असं सांगतात. पण इजेनंतर माणूस महिनोन्महिने खेळत नाही आणि चांगला पायही दुबळा होत जातो. गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट अस्थिबंध तुटलेल्या खेळाडूंवर अमेरिकेत झालेला, २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुद्द्यावर आहे. इजेनंतर, शस्त्रक्रियेआधीच घेतलेल्या चांगल्या पायाच्या मोजमापाशी ताडून बघितलं, तर पुरेसे बरे वाटणारे कित्येक जण पुरेसे बरे झालेले नव्हते. घसरत्या पायाशी तुलना केली की बरेपणाचा आकडा फुगतो. आणि ज्याच्या दोन पायांत आधीपासूनच आठ टक्क्यांचा फरक होता, त्याला समसमान करण्याचा हट्ट धरणंही चूकच.

खरा संदर्भ एकच, तोच माणूस, इजा होण्याआधीचा. त्यासाठी महागडं यंत्र लागतच असं नाही. तालमीतला वस्ताद किंवा शाळेतला क्रीडाशिक्षक हंगामाच्या सुरुवातीला हे करू शकतो. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर, मांडी सैल असताना. प्रत्येक पायावर तीन लांब उड्या, उतरल्यावर दोन सेकंद स्थिर राहिला तरच धरायची. चेंडू कोणत्या पायाने मारतो, उडी कोणत्या पायाने घेतो. मोजणारा दर वेळी तोच असावा, वेळ दिवसाची तीच असावी, सरावाच्या आधीची. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि तिन्ही आकडे लिहायचे, नुसती सरासरी नको, कारण आपला हात किती डळमळतो तेही त्यातूनच कळतं.